बिजागरीची खीळ

कुलूपवाल्यांचं दुकान चाळीस वर्षं तोंडी शिफारशीवर चाललं. मग शिफारस करणारी माणसंच कमी होत गेली आणि कुलूपवाले दिवसदिवस माश्या मारत बसू लागले. तेव्हा सुनेने तोडगा काढला.

"बाबा, तुम्हाला येतं ते लोकांना फुकट शिकवा. मी फोनवर व्हिडिओ काढते. शिकलेला माणूस अडला की तुमच्याकडेच येईल."

"शिकल्यावर अडेल कशाला?" त्यांनी विचारलं. तोवर सुनेने फोन उभा केला होता.

त्यांनी शिकवलं. किल्ली अडखळत असेल तर पेन्सिलीची पूड घाला, कुलूप घेताना वजन बघा, असं काय काय. पाचवा धडा खोलीत अडकलेल्यांसाठी होता. दार आत उघडत असेल तर बिजागऱ्या तुमच्या बाजूला असतात. त्यांच्या खिळी खालून ठोकून वर काढा, आधी खालची, शेवटी वरची. हा धडा हजारो लोकांनी पाहिला. दुकानात मात्र चिटपाखरू फिरकलं नाही.

नवव्या दिवशी एक पन्नाशीचा गृहस्थ आला.

"बिजागरीचा धडा तुमचाच ना?"

"माझाच," कुलूपवाले खुलले.

"तो पाहून माझ्या वडिलांनी घराचं दार काढलं. आम्ही कामावरून आलो तर दार भिंतीला नीट टेकवलेलं आणि वडील गायब. बसथांब्यावर सापडले. त्यांना हल्ली विसरायला होतं, म्हणून जाताना कुलूप लावतो. आता त्यांना काही केल्या उघडता येणार नाही असं काहीतरी बसवून द्या."

"आणि त्यासाठी माझ्याकडेच आलात?"

"तुमचे सगळे धडे पाहिले. भरवसा वाटला."

मागून सून पुटपुटली, "बघा, आलं की नाही गिऱ्हाईक." हसावं की तोंड लपवावं, हे कुलूपवाल्यांना कळेना. ते अवजारांची पिशवी घेऊन निघाले.

वडील निवृत्त मास्तर होते. कुलूपवाल्यांना पाहताच ते खुर्चीत ताठ झाले. "आधी खालची, शेवटी वरची. बरोबर?"

"बरोबर."

"शिकवता चांगलं. फक्त घाई करता."

"निघाला कुठे होतात, मास्तर?"

"ते आठवलं असतं तर पोचलो नसतो का?"

"मग दार काढायचं कसं आठवलं?"

"ते शिकलो होतो."

कुलूपवाले ड्रिल हातात घेऊन दारापाशी उभे राहिले. आत आग लागली तर? बाहेर गाडीखाली आले तर? लेकाचंही खोटं नव्हतं, बापाचंही नव्हतं. ड्रिल दोनदा दाराला लावून त्यांनी दोनदा खाली घेतलं.

"मी कुलूप नाही बसवत," शेवटी ते म्हणाले. "दार उघडलं की वाजेल अशी घंटा बसवतो. शेजारी ऐकू जाईल अशी."

"दुकान कुलपांचंच आहे ना तुमचं?" लेक चिडला.

"हो," कुलूपवाले म्हणाले.

समोरच्या दारात शिवणकाम करणाऱ्या बाई उभ्या होत्या. "माझ्याकडे वाजू द्या. मी दिवसभर मशीनवरच असते. कोणी विचारलंच नाही आजवर."

लेकाने दाराचं जुनं कुलूप काढून खिशात घातलं. घंटा बसली.

घरी आल्यावर सुनेने विचारलं, "तो धडा काढून टाकू?" ते हो म्हणाले, मग नको म्हणाले, मग तिलाच विचारू लागले. तिलाही ठरवता येईना. धडा तसाच राहिला.

बारा दिवसांनी, भर सकाळी, मास्तर दुकानात आले आणि स्टुलावर बसले.

"घंटा वाजली का?" कुलूपवाल्यांनी घाबरत विचारलं.

"वाजली. बाईंना सांगून आलो."

"काय सांगितलंत?"

"तुमच्याकडे जातो म्हणालो." मास्तर थांबले. "बहुतेक."

हे भेटायला आलेत की वाट चुकून, काही केल्या उमगेना. कुलूपवाल्यांनी लेकाला कळवायला फोन उचलला, परत ठेवला. मग एक जुनं कुलूप आणि स्क्रू ड्रायव्हर मास्तरांपुढे ठेवला. मास्तर मन लावून खोलू लागले.

तेवढ्यात बाई धापा टाकत आल्या, गळ्यात मापाची टेप तशीच. "मागे मागेच होते मी. चालतात केवढं भरभर. बसू देऊ का त्यांना थोडा वेळ?"

"बसू द्या," कुलूपवाले म्हणाले आणि बाईंसाठी दुसरं स्टूल शोधू लागले.