बटणाला बांधलेली तार

मित्रांनो, मी एक जुना प्रेस आहे. छापखान्यातला नव्हे, पत्रा ठोकणारा. मी कुणावर दया करत नाही आणि कुणावर रागावतही नाही. मध्ये पत्रा आला की पत्रा चिरडतो, बोट आले की बोट.

भट्टीत वितळवून मला साच्यात ओतले, मग तासून, घासून, ठोकून उभे केले. जन्मच असा झाला म्हटल्यावर स्वभाव मवाळ कुठून येणार? एका छोट्या कारखान्यात मला बसवले. तिथे मी बिजागऱ्या करायचो. माझा वरचा ठोकळा खाली आदळला की जमीन हादरायची आणि मालक खूश व्हायचे. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, हा माझा तिसरा मुलगा. त्यांचा थोरला आणि धाकटी तेव्हा शाळेत होती.

मला दोन बटणे होती. दोन्ही हातांनी दोन्ही दाबली तरच ठोका पडायचा, म्हणजे हात आपोआप बाहेर राहायचे. पण काही वर्षांनी एके दिवशी काम तुंबले होते, मालक स्वतः माझ्यासमोर बसले होते, आणि ठोकळा खाली आला तेव्हा त्यांचा उजवा हात आत होता. तीन बोटे गेली. रक्त माझ्या पायापर्यंत ओघळले. थोरला धावत आला, वडिलांना रिक्षातून दवाखान्यात नेले, परत येऊन त्याने घण उचलला आणि हात भरून येईपर्यंत मला झोडपले. माझा खांदा चेमटला. "खाटीक आहे हा," तो ओरडत होता. बँडेज बांधून परतलेले मालक दारात उभे राहून बघत होते. ते काहीच बोलले नाहीत. मला फार वाईट वाटले. लोखंडालाही वाटते, विश्वास ठेवा.

मग मी भंगारात गेलो. पावसात गंजलो, कुत्री माझ्याआड झोपू लागली. तिथून मला उचलले ते सरकारी चाचणी केंद्राने. छोट्या कारखानदारांनी नवे डिजिटल तंत्र विकत घेण्याआधी फुकट वापरून पाहावे, मोडायचे ते इथे मोडावे, म्हणून लोकांच्या पैशातून ही जागा उभी राहिली होती. त्यांना माझ्यासारखाच म्हातारा हवा होता, कारण छोट्यांकडे म्हातारेच असतात. त्यांनी माझा क्लच बदलला, अंगावर सेन्सर लावले आणि तोंडासमोर प्रकाशाचा पडदा बसवला. त्याचे किरण दिसत नाहीत, पण हात आडवा गेला की मी जागच्या जागी थांबतो. इतकी वर्षे मला नुसते आदळता येत होते. थांबणे मी इथे शिकलो.

एक दिवस मालक, थोरला आणि धाकटी असे तिघे आले. कारखाना आता थोरला चालवत होता आणि प्रेसवर धाकटी बसत होती. पडदा हवा हा तिचाच हट्ट होता. थोरल्याचे म्हणणे, त्याने काम रेंगाळते. माझा चेमटलेला खांदा बघताच त्याने मला ओळखले. तोंड वाकडे करून म्हणाला, "हा खाटीक अजून जिवंत आहे?"

केंद्रातल्या इंजिनिअर बाई शांतपणे म्हणाल्या, तुमच्या कारखान्यात जसे काम करता तसेच इथे करून दाखवा. थोरल्याने खिशातून तार काढली आणि सवयीने एक बटण दाबून बांधून टाकले. आता एका हाताने ठोका मारता येत होता आणि दुसरा आत घालायला मोकळा होता. बाईंनी धाकटीचा हातमोजा मागितला, त्यात ओली माती भरली, तो लांब दांडीला बांधून माझ्या तोंडात धरला. पडदा बंद ठेवला आणि थोरल्याला उरलेले बटण दाबायला सांगितले.

मी आदळलो. मोजा फाटला, बोटाबोटांतून माती बाहेर आली. धाकटीने स्वतःचा हात काखेत दाबून धरला.

मागे उभे असलेले मालक पुढे आले. उरलेल्या दोन बोटांनी त्यांनी ती तार चाचपली. "त्या दिवशी अशीच बांधली होती. मीच."

"मग बोलला का नाहीत, बाबा?"

"तू ह्याला मारत होतास. मला बरं वाटत होतं."

थोरल्याने बापाची गचांडी धरली आणि त्यांना माझ्यावर आदळले. धाकटी मध्ये पडली म्हणून, नाहीतर त्या दिवशी तिथे मातीऐवजी रक्त सांडले असते. मग त्याने बापाला सोडले.

बाईंनी पडदा सुरू केला, नवा मोजा भरला. मी खाली निघालो आणि बोटांच्या वीतभर वर थांबलो. थोरला म्हणाला, "परत." मी परत थांबलो. "परत." मी थांबतच राहिलो. आणि एकाएकी त्याचा चेहरा पांढराफटक पडला, कारण तिकडे त्याच्या कारखान्यात त्या क्षणीही प्रेस चालू होते. त्याने फोन लावला. "सगळे प्रेस बंद करा. बटणांच्या तारा कापा. आधी हात बाहेर काढा सगळ्यांचे, मग बाकीचं." पलीकडून उत्तर येईपर्यंत तो माझ्या चेमटलेल्या खांद्याला धरून उभा होता.

सगळ्यांचे हात शाबूत होते.

तो फाटका मोजा आता माझ्या शेजारच्या खिळ्याला टांगला आहे. खिशात तार घेऊन येणारे अजूनही येतात. मित्रांनो, मला तेलपाणी कमी पडले तरी चालेल, माझ्यावर धूळ बसली तरी चालेल. फक्त माझे बटण बांधू नका. मला आता थांबता येते, पण तुम्ही थांबू दिलेत तरच.