घरटी एक मत

मी लिफ्टच्या टपावर उभा होतो आणि खाली तळमजल्यावरून वॉचमन ओरडून बोलत होता.

"कालच्या मॅचला पण काही नाही! एवढे कॉर्नर मिळाले क्लबच्या जावईबापूंना, एक बॉल आत गेला नाही!"

"मी पहिल्यापासून सांगतोय," मी वरून म्हणालो. "त्या पैशात नवं मैदान झालं असतं."

"आणि वहिनी काय म्हणतात?"

"ती काय म्हणणार? ती त्याची वकील."

वॉचमन हसला. तेवढ्यात माझा फोन वाजला. चष्म्याच्या दुकानाचा मालक होता. माझी बायको त्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासायची, फ्रेममध्ये बसवायची. मालक म्हणाला, "तुम्ही या." मी विचारलं, काय झालं? तो म्हणाला, "तुम्ही आधी या तरी." मग म्हणाला, "दवाखान्यात नेलं होतं. डॉक्टर म्हणतात, वाटेतच."

मी म्हणालो, "आलो."

पण लिफ्ट अर्धवट सोडून जाता येत नाही. दोरांचे नट आवळायचे होते, ते आवळले. एकदा वर, एकदा खाली नेऊन बघितली. प्रत्येक मजल्यावर दरवाजा नीट लागतो का तेही बघितलं. हत्यारं पुसून पिशवीत भरली. खाली आलो तर वॉचमनचं अजून तेच चालू होतं. म्हणाला, "यंदा सभेत काढाच त्याला."

"बायको गेली," मी म्हणालो.

"कुठे?" त्याने विचारलं. मग त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि पटकन उठून स्वतःची खुर्ची मला दिली. मी बसलो नाही.

आमचा हॉकी क्लब कुठल्या शेठचा नाही, सभासदांचा आहे. दर महिन्याला वर्गणी भरायची, मॅचला बाकावर ठरलेली जागा मिळते, आणि वर्षातून एकदा सभेत मत देता येतं. मत मात्र माणशी नाही, घरटी. एका घराचं एक. ज्यांनी क्लब काढला त्यांचं म्हणणं होतं, घरातली भांडणं घरात मिटवून या, इथे नवरा-बायकोने एकमेकांविरुद्ध हात वर करायचे नाहीत. सेक्रेटरी एकेका घराला नावाने हाक मारतो आणि त्या घरातलं कोणी तरी उठून उत्तर देतं. ज्यांचं ठरलेलं नसेल त्यांनी तसं सांगायचं. मग त्यांना शेवटी पुन्हा हाक येते. तेवढ्या वेळात नवरा-बायको बाहेर व्हरांड्यात जाऊन भांडतात. आम्ही दोघं त्या व्हरांड्यात बरेचदा उभे राहिलो आहोत. कधी तिने मला फिरवलं, कधी मी तिला.

दोन वर्षांपूर्वी क्लबने एक नामांकित फॉरवर्ड आणला. तीन वर्षांचा करार. आकडा ऐकून सगळ्यांचे डोळे पांढरे झाले होते. राहायला घर, फिरायला गाडी. म्हणून त्याला सगळे जावईबापू म्हणायला लागले. पहिल्या हंगामात त्याने बरे गोल केले. मग गुडघा दुखावला, आणि नंतर जे गोल आटले ते आटलेच. बाकांवरून लोक ओरडायचे, "जावईबापू, पाट मांडू का?"

"जावई म्हणता तर मान तरी द्या," बायको म्हणायची.

तिचं म्हणणं सरळ होतं. त्याच्या अंगावर प्रत्येक वेळी दोघं धावतात, म्हणून आपला दुसरा पोरगा मोकळा सुटतो. गोल त्या पोराच्या नावावर लागतो, पण वाट याने करून दिलेली असते.

मी म्हणायचो, "पैसे गोल मारायला दिलेत. माणसं गोळा करायला गुळाचा खडा ठेवला असता तरी चाललं असतं."

"लिफ्ट बंद पडली नाही म्हणून तुम्हाला कधी कोणी हार घातलाय?" ती विचारायची. "दिसत नाही म्हणजे काम होत नाही असं नसतं. दुकानात या एकदा, तुमचा नंबर वाढलाय."

हे असं वर्षभर चाललं. जेवताना, कपडे वाळत घालताना. आमच्यात एक रीत पडून गेली होती. मी बोललो की तिची पाळी, ती बोलली की माझी. उत्तर सुचलं नाही तर दुसऱ्या दिवसापर्यंत मुदत मिळायची, पण पाळी सोडायची नाही. त्या दिवशी सकाळी मी तिला म्हणालो होतो, मोकळा सुटणारा पोरगाही आता गोल करत नाही, मग तुझा जावई नक्की कोणाला मोकळं करतो? ती चप्पल घालत होती. म्हणाली, "याचं उत्तर आहे माझ्याकडे. संध्याकाळी आल्यावर देते. मग तोंड उघडायचं नाही." आणि गेली.

नंतरच्या दिवसांत घरी माणसं येत होती. मुलगी दुसऱ्या शहरात नोकरी करते, ती रजा काढून आली होती. ती चहा करायची, मी दार उघडायचो. लोक बसायचे. थोडा वेळ तिच्याबद्दल बोलायचे, मग बोलण्यासारखं संपायचं. मग कोणी तरी घसा साफ करून हॉकीवर यायचं. मला त्यात वाईट वाटायचं नाही. काहीच वाटत नव्हतं. टीव्ही चालू असावा तसं मी ऐकत होतो.

एकदा चष्म्याच्या दुकानाचा मालक आणि माझा मेहुणा एकाच वेळी आले. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. तो क्लबचा खजिनदार आहे.

"एक वर्ष शिल्लक आहे कराराचं," मेहुणा सांगत होता. "सभेने ठरवलं तर आत्ता मोडता येतो. नाही मोडला तर पोरांचं शिबिर बंद करावं लागेल, भाऊजी. खेळाडू एक आणि खर्च लग्नघराचा."

"बाईंना मात्र त्याची फार दया यायची," मालक म्हणाला. "म्हणायच्या, लांबून आलाय बिचारा, सांभाळून घ्यायला पाहिजे."

"असं ती म्हणायची नाही," मी म्हणालो.

दोघांनी माझ्याकडे बघितलं. बऱ्याच वेळात मी काही बोललो नव्हतो.

"दया-बिया काही नाही. तिचं म्हणणं होतं पैसे वसूल होतायत, तुम्हाला हिशेब करता येत नाही."

"बरं, तसं असेल," मालक म्हणाला.

"तसं असेल नाही. तसंच."

मुलगी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती आत गेली. नळ सोडल्याचा आवाज आला आणि बराच वेळ येत राहिला.

मेहुणा निघताना चपला घालत हळूच म्हणाला, "भाऊजी, सभेत तुमचं मत धरतोय मी. तुम्ही तर सुरुवातीपासून 'सोडा' म्हणताय. आता अडचण काही नाही." बोलून झाल्यावर त्याला कळलं आपण काय बोललो ते. तो जिन्याकडे गेला, पुन्हा वळला, काही तरी बोलणार होता, मग तसाच खाली उतरला.

सभेला जाऊ नये असं मुलीचं म्हणणं होतं. मी म्हणालो, घरी बसून तरी काय करू. तिने इस्त्रीचा शर्ट काढून दिला. मी विचारलं, "काय सांगू तिथे?"

"तुम्हाला वाटतं ते सांगा, बाबा."

"मला वाटतं सोडावा."

"मग तसं सांगा."

"ते माझं झालं. घराचं नाही."

ती माझी कॉलर नीट करत होती. म्हणाली, "आईने फिरवलं असतं तुम्हाला?"

"माहीत नाही. तिच्याकडे काही तरी होतं. ऐकायचं राहिलं."

क्लबच्या हॉलमध्ये खुर्च्या कमी पडल्या होत्या. लोक भिंतींना टेकून उभे होते. मला मात्र पुढची खुर्ची मिळाली. कोणी तरी माझ्या खांद्यावर हात ठेवून गेलं, कोण ते मी बघितलं नाही. आधी भाषणं झाली. एक निवृत्त मास्तर म्हणाले, दुखापत झालेला माणूस काढला तर उद्या आपल्याकडे कोण येईल? मागून आवाज आला, "मास्तर, तुमच्या पेन्शनीतून द्या मग!" हशा झाला. एक बाई म्हणाली, त्याला बघायला म्हणून माझी मुलं मैदानावर यायला लागली, आता घरी बसून मोबाईल बघतील. तिचा नवरा शेजारीच होता, तो म्हणाला, "ती तशीही मोबाईलच बघतात." पुन्हा हशा. मग सेक्रेटरी हाका मारायला लागला.

ठेवा. सोडा. सोडा. ठेवा. माझी हाक आली. मी उठलो.

"आमचं ठरलं नाही," मी म्हणालो.

सेक्रेटरी चांगला माणूस आहे. तो म्हणाला, "ठीक आहे, शेवटी विचारतो," आणि पुढचं घर घेतलं. मी पाणी प्यायला म्हणून व्हरांड्यात आलो.

तिथे बाकावर जावईबापू बसला होता. एकटाच. गुडघ्याला पट्टा बांधलेला. मला बघून उठला. जवळून तो बराच लहान दिसतो, आमच्या मुलीच्या वयाचा असेल.

"काका, तो नळ बंद आहे. इकडे पाणी आहे," तो म्हणाला आणि स्वतःच्या बाटलीतून त्याने मला ग्लास भरून दिला.

मी प्यायलो.

"आत कसं काय आहे?"

"चाललंय. सांगता येत नाही."

"तुम्ही पुढच्या बाकावर बसता ना? तुमच्या शेजारी एक काकू असतात. मोठ्या आवाजाच्या."

मी मान हलवली.

"मला फार बोलतात त्या," तो हसत म्हणाला. "झोपलास काय रे, डावीकडे बघ! प्रत्येक मॅचला. एवढ्या गर्दीत त्यांचा आवाज बरोबर कानात येतो. आत पण म्हणत असतील, हाकला त्याला." मग तो पट्ट्याशी चाळा करत बसला. "खोटं कशाला बोलू, डावीकडे बघायला पाहिजे होतं मी. तिकडे मोकळं असायचं."

मी ग्लास हातात धरून उभा होतो. ती ओरडायची हे खरं होतं. मॅच संपली की घरी येऊन त्याची बाजू घ्यायची तीच. हे त्याला सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी तोंड उघडलं, "ती..." म्हणालो, आणि पुढचं वाक्य "होती"वर जाणार हे माझ्या लक्षात आलं. तोपर्यंत "ती होती" असं मी कोणालाच म्हटलं नव्हतं. लोक म्हणत होते, मी मान हलवत होतो.

आतून सेक्रेटरीची हाक आली.

"जा काका, तुमचं नाव घेतायत," तो म्हणाला. ग्लास त्याने माझ्या हातातून घेतला.

मी आत जाऊन उभा राहिलो. मेहुणा टेबलामागे बसला होता. त्याने मला डोळ्यांनी खूण केली, सोडा म्हणा.

"काय ठरलं?" सेक्रेटरीने विचारलं.

"नाही ठरलं."

"भाऊजी," मेहुणा टेबलामागून म्हणाला, "ठरवायला आता घरात आहे कोण?"

सेक्रेटरीने त्याच्याकडे रागाने बघितलं.

"बोलायची पाळी तिची होती," मी म्हणालो आणि खाली बसलो.

आमचं घर कुठल्याच बाजूला धरलं नाही. त्याने फरकही पडला नसता. "सोडा" म्हणणारी घरं बरीच जास्त निघाली. लोक उठले, खुर्च्या सरकल्या. मी बाहेर आलो तेव्हा बाक रिकामा होता. त्याला कोणी सांगितलं, का त्याने दारातूनच ऐकलं, कोण जाणे.

मेहुणा माझ्याबरोबर घरापर्यंत चालत आला. दारात येऊन म्हणाला, "ताई असती तर तिने मला तिथेच थोबाडीत दिली असती."

"दिली असती," मी म्हणालो.

तो पायरीवर बसला आणि रडायला लागला. इतके दिवस तो फक्त कामं करत होता. मी त्याच्या शेजारी बसलो. मला रडू आलं नाही. मुलीने त्याला पाणी दिलं, आत नेलं आणि जेवायला वाढलं.

मुलगी नंतर परत गेली. मी पुन्हा कामावर जायला लागलो. वॉचमन आता हॉकीचा विषय काढत नाही. नवा फॉरवर्ड स्वस्तात मिळाला आहे आणि बरा खेळतो असं ऐकतो. मी मॅचला गेलेलो नाही. जावईबापू सामान घेऊन त्याच आठवड्यात गाव सोडून गेला. कुठे खेळतो, खेळतो की नाही, माहीत नाही. जाताना त्याचा हिशेब मेहुण्यानेच पूर्ण केला, त्यामुळे नंबर त्याच्याकडे होता. तो मी मागून घेतला. मेहुण्याने कशाला म्हणून विचारलं नाही.

ती त्याच्या बाजूने होती, हे त्याला माहीत नाही. ती आता नाही, हेही माहीत नाही. दोन्ही सांगायचं आहे. अजून फोन केलेला नाही.