भिंतीला धरून राहिलेला ठिपका

आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुखांना सगळे सर म्हणतात. पेशी मी वाढवते, मी रंगवते, सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून मी बसते. एकोणीस वर्षं झाली. सर उंटावरून शेळ्या हाकतात.

पेशीच्या केंद्रकाला आतून प्रथिनांचं अस्तर असतं, भिंतीसारखं. डीएनएचे काही भाग त्या अस्तराला धरून राहतात आणि तिथे गप्प पडून असतात. असंच एक जनुक मी रंगवायचे; फोटोत ते ठिपक्यासारखं दिसतं. सरांनी अस्तरातलं एक प्रथिन काढून टाकायला लावलं आणि माझा पहिलाच फोटो पाहून ओरडले, "सुटलं! आपलं जनुक भिंत सोडून मधोमध आलं!"

"सर, केंद्रक चेंडूसारखं असतं," मी म्हटलं. "छताला चिकटलेला ठिपकाही वरून मधोमधच दिसणार. मी एकेका थराचे फोटो घेतलेत, ते जरा—"

"बाई, तुम्ही रंग लावा. अर्थ मी लावतो."

शाळकरी पोराला कळेल अशी गोष्ट! पण उथळ पाण्याला खळखळाट फार. महिन्याभरात सरांनी सभा भरवली. बाहेरून एक वयस्कर प्राध्यापिका आल्या होत्या. फोटो पाहून त्यांनी एवढंच विचारलं, "हा बाजूने कसा दिसतो?"

सरांनी टाय सैल केला. "त्याचं काय आहे, फोटो काढताना आमच्या बाईंची जरा गफलत झाली..."

नाचता येईना, अंगण वाकडं! मी उठले, त्यांच्या हातातून माऊस घेतला आणि सगळे थर उघडले. पन्नासपैकी सेहेचाळीस पेशींत ठिपका भिंतीलाच घट्ट. एक प्रथिन गेलं तरी दुसरं कुठलं तरी त्याला धरून होतं.

"अहो, हे तर जास्त मोलाचं आहे," प्राध्यापिका म्हणाल्या.

सरांचा चेहरा पडला, पण घटकाभरच. "मी तिकडेच वळणार होतो!" ते म्हणाले. लाज वाटायला निदान थोडी अक्कल लागते.

पुढे शोधनिबंध छापून आला. शोध सरांचा, मी आभारांत, वीजदुरुस्तीवाल्याच्या खाली. मी तो घरी दाखवला. नवरा म्हणाला, "आयत्या बिळावर नागोबा!" त्याच आठवड्यात मी प्राध्यापिकांना पत्र लिहिलं, आणि त्यांनी मला आपल्या प्रयोगशाळेत घेतलं.

तिथल्या दुसऱ्याच दिवशी सरांचा फोन. "बाई, ते सूक्ष्मदर्शकाचं यंत्र सुरू कसं करायचं?"

"बटण दाबून, सर."

"कुठलं?"

मी सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा त्यांना सापडलं.