लतीफचाचांच्या नावातला एफ

मित्रांनो, मी एक जुना खिळा आहे. भिंतीत ठोकतात तसला नव्हे हं! पूर्वी छापखान्यात अक्षरं जुळवायला शिशाचे खिळे असत, त्यांतला मी इंग्रजी धाकटा एफ. त्यातही तिरप्या, कलमी वळणाचा. मान पुढे झुकलेली, शेपूट मागे वळलेली, टोकांना बारीक फटकारे. माझी मान तर अंगाच्या बाहेर डोकावते, खाली आधार म्हणून काही नाही. दिसायला नाजूक आणि मोडायलाही. नखरेल म्हणा हवं तर!

पोलीस ॲक्शननंतरच्या वर्षांत मी मुंबईहून लाकडी खोक्यातून औरंगाबादला, काकासाहेबांच्या छापखान्यात आलो. निजामाचं राज्य गेलं होतं आणि तालेवार लोकांना लग्नपत्रिकेची एक बाजू इंग्रजीत हवी असायची. आम्हा तिरप्यांना काम मोजकंच. नवरानवरीची नावं, डॉक्टरचं कार्ड, संमेलनाच्या आमंत्रणातली एखादी ओळ. बाकी सगळं ओझं सरळ उभी अक्षरं वाहायची. अक्षरं जुळवणारा सांडू म्हणायचा, "ही तिरकी मिठावानी हायेत. चवीपुरतीच घालावी."

छापखान्यात लतीफचाचा होते. ते कातिब, म्हणजे सुंदर अक्षर लिहिणारे. पूर्वी तिथं दगडावरून उर्दू छपाई चाले, तेव्हा चाचा बोरूनं सगळा कागद लिहीत आणि अगदी खाली कोपऱ्यात आपलं नाव टाकत. कातिबांची ती रीतच होती. पुढे उर्दूचं काम थांबलं, दगड अंगणात गेला आणि त्यावर धुणी आपटली जाऊ लागली. काकासाहेबांनी चाचांना मात्र घालवलं नाही. छापून झालेले खिळे पुसून आपापल्या कप्प्यात टाकायचं काम त्यांना दिलं. इंग्रजी येत नव्हतं, पण वळण बघून ते कप्पा ओळखायचे.

एकदा त्यांनी मला चिमटीत धरून खिडकीशी नेलं.

"सांडू, ये हरफ कलम से निकलेला है. देख, यहाँ कलम दबी, यहाँ उठी. इसका कातिब कौन था रे?"

"मला काय ठावं, चाचा? खोक्यावर नाव नव्हतं."

मलाही ठाऊक नव्हतं, मित्रांनो. मी साच्यात ओतलेला. पण साच्याच्याही आधी कुठंतरी, कुणीतरी कलम शाईत बुडवून माझं वळण काढलं असणार. त्या दिवसापासून मला त्या न पाहिलेल्या हाताची ओढ लागली.

चाचांची ओढ वेगळी होती. ते एकदा भीतभीत म्हणाले, "काकासाहेब, एखाद कागज पे मेरा नाम कोने में आने देव ना."

"मियाँ, खिळ्यांच्या छपाईत कातिबाचं नाव कुठं घालू?" काकासाहेब म्हणाले. त्यांचंही काही चुकलं नव्हतं. चाचांनी पुन्हा तो विषय काढला नाही. मला पुसताना मात्र त्यांचं बोट माझ्या मानेवर जरा जास्तच रेंगाळायचं.

पुढे त्यांची नजर अधू झाली आणि सिल्लोडला लेकीकडे जायचं ठरलं. निघायच्या दिवशी सांडू करमाडच्या तात्यासाहेबांच्या मुलाची पत्रिका जुळवत होता. कुणाला न विचारता त्यानं खाली कोपऱ्यात आणखी एक नाव जुळवलं. लतीफ! इंग्रजीत हे नाव माझ्यावर संपतं. खिळे कसून बसवायच्या लोखंडी चौकटीत आमचे चेहरे उलटे असतात, म्हणून तिथं आम्ही उजवीकडून डावीकडे चालत होतो, थेट उर्दूसारखे.

सांडूनं शाई लावून हातानं एक प्रूफ काढलं. झकास आलं. मग चौकट यंत्रात चढवली. पण कातिबाची रीत पाळायच्या नादात तो यंत्राची रीत विसरला. नाव इतकं कडेला होतं की कागद धरून ठेवणारं लोखंडी बोट नेमकं माझ्यावरच आपटलं. कटकन मान तुटली.

काकासाहेब धावत आले. "कोपऱ्यात ही कसली भर?"

"चाचा चाललेत," सांडू पुटपुटला. "म्हनलं, येकदा तरी…"

काकासाहेबांनी प्रूफ उचलून वाचलं. मग त्यांनीच ते चाचांच्या हातात दिलं. चाचांनी कागद डोळ्यांजवळ नेला, कोपऱ्यावर बोट ठेवलं आणि ते शेवटच्या अक्षरावर थांबवलं.

"ये तो वोच है ना? झुकी गर्दनवाला?"

"व्हय चाचा. तुमचं नाव त्याच्यावरच सरतंय."

म्हातारा लेकरासारखा रडला. कागदाची घडी छातीशी धरून तो सिल्लोडच्या गाडीत बसला. पत्रिका नाव काढून छापल्या गेल्या. त्यांच्या नावाचा कागद तेवढा एकच.

मोडके खिळे वितळवायला जात. सांडूनं मला गुपचूप आपल्या पानाच्या चंचीत टाकलं. आता मी चिकलठाण्याला, त्याची सून सारजाबाई हिच्या शिवणाच्या डब्यात बटणांबरोबर असतो. छापखाना कधीच बंद झाला. हल्ली म्हणे संगणकाच्या पडद्यावर अक्षरं नुसत्या बोटानं तिरकी होतात. त्यांची मान मोडत नाही. बरंच आहे की!

मित्रांनो, मला काचेचं कपाट नको. एखादं देखणं अक्षर दिसलं, अक्षरच कशाला, एखादा सुबक टाका दिसला, तरी क्षणभर थांबा आणि विचारा, हे कुणाच्या हातचं? उत्तर मिळेलच असं नाही. मला अजून मिळालेलं नाही. पण विचारणारा एक जण भेटला होता, त्यावर मी इतकी वर्षं काढली.