एक्केचाळीस घरांच्या किल्ल्या

सोजराबाईच्या कमरेला एक्केचाळीस घरांच्या किल्ल्या असत. दिवाळी सरली की काळधोंडी तांडा ऊसतोडीला कोल्हापूर-सांगलीकडं निघे आणि ट्रकमध्ये चढता चढता जो तो आपल्या घराची किल्ली तिच्या ओंजळीत टाकी. कोयता लागून तिचा पाय अधू झाला तेव्हापासूनचा हा रिवाज. चार-पाच म्हाताऱ्या माणसांबरोबर ती मागं राही आणि चैतापर्यंत सगळा तांडा सांभाळी. लहानथोर तिला याडी म्हणत. याडी म्हणजे आई. कुठली किल्ली कुणाची हे तिला नुसत्या बोटांनी कळे, आणि त्याचा तिला तोरासुद्धा होता.

तांड्याचं दुखणं एकच होतं, घर. कुडाच्या भिंती, वर पत्रे. सोजराबाईच्या एका खोलीत थोरल्या लेकाचा, हरिचंदचा संसार होता. गेल्या साली धाकट्या विकासचं लग्न झालं, तेव्हा त्याच खोलीत साडीचा पडदा बांधून पुजाचा संसार मांडला. नवी नवरी चार महिने खोकलासुद्धा दाबून खोकत होती. जागा नव्हती म्हणावं, तर सभोवार माळच माळ. दगड लागेल तितका. आणि हरिचंद असा गवंडी की पावसाळ्यात चार महिने सेनगावच्या बाजूला लोकांची घरकुलं बांधत हिंडे. स्वतःची मात्र एक वीट रचायची त्याला बंदी होती, कारण तांडा गायरानावर, म्हणजे सरकारी जमिनीवर. पक्की भिंत उभी केली की अतिक्रमणाची नोटीस. घरकुल मागायला जावं तर आधी घराच्या नोंदीचा उतारा, ‘नमुना आठ’, आणा. नमुना आठ मागावा तर तांडा गावठाणात नाही. गावठाणात घ्या म्हणावं तर कागदावर इथं वस्तीच नाही. घरं का कमी पडतात यावर शहाण्या लोकांनी खुशाल परिषदा भरवाव्यात. काळधोंडीत त्याचं कारण एका ओळीत मावत होतं.

आणि ती ओळ सोजराबाईच्या तोंडची होती.

बारा वर्षांपूर्वी ऐन पौषात तांड्यावर एक जीप आली होती. दोन माणसं उतरली, हातात कागद. सोजराबाई एकटीच समोर. तिनं लहानपणी दोनदा झोपड्या मोडताना पाहिल्या होत्या, आणि सरकारी गाडीला काय सांगायचं ते आईनं तिला तेव्हाच पढवून ठेवलं होतं.

"इथं कोण राहतं, आजी?"

"कोनीच न्हाई, सायब. ढोरांची सपरं हायेत ही."

साहेबांनी एक्केचाळीस कुलपं पाहिली, त्यांना ते पटलं. लिहून तिचा अंगठा घेतला आणि जीप गेली. ते झोपड्या मोडायला नव्हे, वस्तीची नोंद करायला आले होते, हे तिला दोन वर्षांनी कळलं. तोवर कागद वरपर्यंत पोचला होता. तांडा दहा वर्षं कचेऱ्यांना शिव्या देत राहिला आणि ही बाई खाली मान घालून ऐकत राहिली. तिला स्वतःची इतकी लाज वाटे की पडद्यापलीकडं पुजा खोकली की ही अंगणात जाऊन बसे.

यंदा पौषातच ग्रामसेवकानं निरोप आणला. गुरुवारी पुन्हा पाहणी आहे. घर उघडं पाहिजे, राहणारं माणूस हजर पाहिजे, बंद घराची नोंद होणार नाही. हा नियम करणाऱ्याच्या चहात साखर कुठून येते, हे त्याला कुणी सांगितलं नसावं.

सोजराबाईनं तांड्याच्या नायकाला, बाबूसिंगला, फोन लावला. तो फडात ऊस तोडत होता.

"घरटी एक मानूस धाड, नायक."

"मुकादम सोडतोय व्हय? आन् मागल्या बारीला काय केलं त्यायनं? वस्तीच न्हाई म्हनून लिवलं. आता कशाला मरायचं?"

तिनं डोळे मिटले. "त्यायनं न्हाई लिवलं. म्या सांगितलं तसं. भेले व्हते रं. अंगठा माझा हाये."

पलीकडं कोयता खाली टाकल्याचा आवाज आला. मग फोन बंद झाला.

बुधवारी तिनं बरोबरच्या म्हाताऱ्यांना घेऊन एक्केचाळीस कुलपं उघडली. अंगणं सारवली. कुणी येवो न येवो, दारं तरी उघडी दिसतील, एवढाच तिचा हिशेब. पाय सुजला, तरी शेवटचं अंगण तिनं स्वतःच्या हातानं सारवलं.

गुरुवारी सकाळी साहेबांच्या गाडीआधी एक टेम्पो आला. मग दुसरा. उसाच्या पाचटानं चरे पडलेले हात, काळवंडलेली तोंडं, कुणाच्या अंगावर धड कपडे नव्हते. हरिचंद उतरला, पुजा उतरली. मोजली तर एक्केचाळीस घरांची त्रेचाळीस माणसं. सोजराबाई एकेकाच्या गालावरून हात फिरवत सुटली.

बाबूसिंग तिच्याजवळ आला. "मुकादमाला म्हनलं, आमचं गाव मोजून राहिलेत. तो हसला. म्हने, तुमाला कुठं गाव हाये? म्हनलं, परवा येऊन सांगतो."

त्या फोनबद्दल तो अवाक्षर बोलला नाही. पण आता झाकून ठेवणं तिलाच नको होतं.

मग साहेबांची गाडी आली. हे साहेब तरुण होते. त्यांनी जुना कागद काढला आणि सगळ्यांसमोर वाचला. स्थानिक महिलेच्या सांगण्यानुसार वस्ती नाही. "ही महिला कोण?"

सोजराबाई लंगडत पुढं झाली.

"मीच ती. त्या दिशी खोटं बोलले. बापजाद्यापासून आमाला एवढंच शिकवलं व्हतं, हितं हाओत म्हनलं की हाकलतेत. आता लिवा सायब. आमी हितं राहतो. हितंच मरतो. ऊस तोडायला जातो, पर राहतो हितंच."

साहेबांनी जुना कागद घडी घालून बाजूला ठेवला. मग त्यांनी कोरा कागद घेतला. "पहिलं घर कुणाचं धरू?"

तांड्यात पहिला मान नायकाचा. पानसुपारीपासून होळीपर्यंत, कधी चुकलेला नाही. बाबूसिंगनं फेटा सावरला आणि सोजराबाईच्या दाराकडं हात केला.

"एक नंबर त्या दारावर टाका. बारा वर्सं समद्यांची घरं तिनंच राखली."

लाल रंगात एकचा आकडा उमटला, आणि सोजराबाई पदर तोंडाला लावून रडली. पुजा पुढं झाली, सासूचा हात धरला आणि पहिल्यांदाच मोकळ्या गळ्यानं हसली. अजून मंजुरी यायची होती, मोजणी व्हायची होती, कागद दहा टेबलं फिरायचा होता. पण संध्याकाळी टेम्पोत चढलेली माणसं आली होती त्यापेक्षा वीतभर उंच दिसत होती.

जाताना कुलूप लावायला कुणी थांबलं नाही. दारांना नुसत्या कड्या लावल्या होत्या.

"कुलपं, रं?" तिनं विचारलं.

"राहू दे, याडी," हरिचंद म्हणाला. "घरात मानूस हाये म्हनून लिवलंय, मंग कुलूप कशाला?"

दुसऱ्या दिवशी दुपारी माळावर पुन्हा जीपचा आवाज आला. सवयीनं सोजराबाईचे पाय आत वळले. मग ती थांबली, बाज ओढत अंगणाच्या मधोमध आणली आणि रस्त्याकडं तोंड करून ऐसपैस बसली.