वाळवणात ठेवलेली काडतुसं

दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात टेक्सासमधल्या आमच्या फ्रिस्कोत ऊन असं तापलं होतं, की लतावहिनींनी पापड लाटायला घेतला की तो पोळपाटावरच भाजून निघायचा. खोटं वाटत असेल तर त्यांनाच विचारा. त्या हो म्हणणार नाहीत, पण त्यांना फुगवून सांगायची सवयच नाही. ते काम त्या कुटुंबात माझ्याकडे आहे.

लतावहिनी म्हणजे माझा मित्र गुरुनाथ याची बायको. गुरुनाथ रंगाच्या कंपनीत केमिस्ट होता, नुकताच रिटायर झालेला. वहिनी दर उन्हाळ्यात बॅकयार्डमध्ये वाळवण घालायच्या. कुरडया, सांडगे, साबुदाण्याच्या पापड्या. निम्मं रेडमंडला लेकीकडे, नीलांबरीकडे, जायचं, कारण तिथल्या पावसात माणूससुद्धा धड वाळत नाही.

अडचण होती कुंपणापलीकडे. तिथे वेंडेल राहायचा. साडेसहा फूट उंच, गोड स्वभावाचा, आणि रानडुकरांचा कर्दनकाळ. मारलेलं डुक्कर तो अंगणातल्या लोखंडी स्मोकरमध्ये दिवसभर धुरावर शिजवायचा. स्मोकर म्हणजे आगगाडीचं इंजिनच, फक्त शिट्टी नव्हती. धूर सरळ कुंपण ओलांडून कुरडयांवर येऊन बसायचा. त्या वर्षी एक अख्खा घाणा डुकराच्या वासानं कचऱ्यात गेला, आणि वहिनींनी नवऱ्याला निक्षून सांगितलं.

"अहो, एक तर तो भट्टा हलेल, नाहीतर मी हलेन. नीलांबरीकडे, चार महिने. मग बसा शिजवत."

गुरुनाथला घाम फुटला. या माणसानं एकदा चहा केला होता, तेव्हा घरातला स्मोक अलार्म वाजला होता.

आम्ही दोघं वेंडेलकडे गेलो. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. बोलला इंग्रजीतच, मी आपल्या भाषेत सांगतो.

"मिस्टर गुरू, शेजाऱ्याशी भांडणं मला आवडत नाही. पण माझ्या बापाची भट्टी मी कुणी म्हटलं म्हणून हलवणार नाही. हरलो तर हलवेन. तुम्ही केमिस्ट ना? मी माझी काडतुसं घरी स्वतः भरतो. तुम्हीही भरा. रायफल माझी, गोळी तीच, बुडाची ठिणगी पाडणारी टोपी तीच, फक्त दारू तुमच्या पसंतीची. दोन्हीकडची पाच-पाच मीच झाडीन. ज्याची भोकं जवळजवळ पडतील तो जिंकला."

"आणि मी हरलो तर?"

"दर शनिवारी भट्टीत लाकडं घालायची. एप्रन मी देईन. त्यावर हसरं डुक्कर आहे."

शुद्ध शाकाहारी गुरुनाथनं हात मिळवला.

वेंडेल मनाचा मोठा. काडतुसं भरायचं दाबयंत्र, तराजू, मापांचं पुस्तक, सगळं त्यानं उसनं दिलं. वर दोनदा बजावलं, "पुस्तकातल्या मापाच्या वर एक कणही नाही. आणि तोलताना गप्पा बंद." हे म्हणताना त्यानं माझ्याकडे का पाहिलं, कळलं नाही.

मग आम्ही दारू आणायला दुकानात गेलो. बंदुकीच्या दारूचे इतके प्रकार असतात हे मला ठाऊक नव्हतं. भिंतभर डबे, लोणच्याच्या दुकानासारखे.

"गुर्‍या, सगळ्यात जलद पेटणारी घे," मी म्हणालो. "आपल्याला जिंकायचंय."

"जग्या, ती पिस्तुलाची. रायफलीत घातली तर नळी फुटेल आणि तुझी कवटीही. रायफलीला सावकाश जळणारी लागते. गोळीला एकदम धक्का द्यायचा नसतो, मागून ढकलत न्यायचं असतं."

पुस्तकातून त्यानं त्या रायफलीला चालणारी तीन नावं काढली. पुढे मात्र त्याच्यातला मंडईतला माणूस जागा झाला. काउंटरवरच्या पोरीला म्हणाला, "जरा डबा उघडून दाखवता? हातावर घेऊन बघतो."

"सर, सीलबंद आहे."

"तूरडाळसुद्धा मी अशी घेत नाही."

"सर, ही तूरडाळ नाही."

शेवटी तिन्ही डबे घेतले. घरी उघडले तर एक दारू खसखशीसारखी गोल दाण्यांची, वेंडेल वापरायचा तसली. उरलेल्या दोन म्हणजे शेवया बारीक मोडाव्यात तशा, एक आखूड, एक लांब. आता यातली कोणती? वेंडेलनं तीस वर्षं खसखशीवर शिकार केली होती. तिला नावं ठेवायची तरी कशी?

गुरुनाथ दोन दिवस खिडकीपाशी बसून वाळवणाकडे बघत राहिला. वहिनींना वाटलं, याला पश्चात्ताप झाला. तिसऱ्या दिवशी तो ओरडत स्वयंपाकघरात आला.

"लता! पापड्या उन्हात वाकड्या होतात आणि सांडगे आहेत तसे राहतात, हो ना?"

"पीठ कशाचं, कसं, त्यावर असतं ते. का?"

"दारूही तशीच असणार! उन्हात काहींचा स्वभाव बदलेल, काहींचा नाही."

त्यानं तिन्ही डब्यांतून काडतुसं भरली. प्रत्येकातली निम्मी फ्रीजमध्ये ठेवली, श्रीखंडाच्या शेजारी. उरलेली वाळवणाच्या प्लास्टिकवर सांडग्यांच्या ओळीत मांडली. फ्रीज उघडल्यावर वहिनी जे बोलल्या ते इथे लिहिण्यासारखं नाही.

वाळवणाची राखण माझ्याकडे आली. काठी घेऊन दुपारभर छत्रीखाली बसलो. इथले ते काळे, लांब शेपटीचे पक्षी कावळ्यांचेही बाप. एकानं सांडगा समजून काडतूस उचललं, उडाला, वजनानं तिरपा झाला आणि थेट वेंडेलच्या पिकअपच्या टपावर उतरला. तेव्हापासून त्या जातीचे पक्षी शाकाहारी घरांकडे फिरकत नाहीत.

मग थंड काडतुसं बर्फाच्या पेटीत आणि तापलेली तव्यासारख्या थाळीत घेऊन आम्ही गावाबाहेरच्या नेमबाजीच्या रेंजवर गेलो. वेंडेलच्यासारखीच एक रायफल आणि गोळीचा वेग मोजायचं यंत्र भाड्यानं घेतलं. गुरुनाथ डोळे मिटून बार काढायचा. नेम कुठेही जावो, यंत्राला फक्त वेगाशी मतलब. निकाल लख्ख लागला. खसखस तापली की गोळी भलतीच जोरात सुटायची, गार असली की मंद. लांब शेवईचंही थोडंफार तसंच. आखूड शेवई मात्र बर्फातून काढा की उन्हातून, वेग जवळपास तोच. गुरुनाथनं तो डबा छातीशी धरला.

"हीच. पण जग्या, वेंडेल सकाळी आठला बोलावतोय. गारव्यात त्याची खसखस उत्तम चालते. आपण गेलो."

"ते माझ्यावर सोड," मी म्हणालो आणि कुंपणाशी गेलो.

"वेंडेल, सकाळी जमणार नाही रे. आमच्यात श्रावण लागलाय. पूजा, मग आरती, मग ग्रहांची स्थिती. दुपारी अडीचपर्यंत हत्याराला हात लावला तर शनी कोपतो. आमच्यावर नाही, हत्याराच्या मालकावर."

वेंडेलनं टोपी काढली. "धर्माच्या आड मी येणार नाही. अडीच."

श्रावण खरंच लागला होता. बाकीचं मी पदरचं घातलं.

त्या दिवशी पारा एकशे सहा फॅरनहाइट. वेंडेलची काडतुसं सकाळपासून पिकअपच्या काचेखाली पडून होती. तो थंडीतला शिकारी, उन्हाची त्याला पर्वाच नव्हती. वहिनीही छत्री घेऊन रेंजवर आल्या होत्या. रायफल वाळूच्या पिशवीवर टेकली.

वेंडेलनं आधी स्वतःची पाच झाडली. पहिल्या दोन गोळ्या शेजारी-शेजारी. नळी तापली तशी खसखस आणखी भडकली आणि तिसरी वर गेली, चौथी त्याहून वर, आणि पाचवी जणू घरी जायला निघाली होती. त्यानं दुर्बिणीतून पाहिलं. नळी निवेपर्यंत तो थांबला. गुरुनाथच्या वेळी मुद्दाम रायफल हलवून बार काढणं त्याच्या हातात होतं. पण त्या माणसानं श्वास रोखला आणि गुरुनाथची पाच तितक्याच मायेनं झाडली. पाचही भोकं वहिनींच्या हातच्या एका पुरीनं झाकली असती आणि वर पुरी उरली असती.

"मॅम," वेंडेल वहिनींना म्हणाला, "तुमच्या नवऱ्यानं मला माझ्याच रायफलीनं हरवलं."

"मग भट्टी आजच हलवा," वहिनी म्हणाल्या. "उद्या कुरडया घालायच्यात."

संध्याकाळी वेंडेलनं पिकअपला साखळी बांधून स्मोकर ओढला, आम्ही दोघांनी मागून रेटा दिला. कुंपणाच्या या बाजूला वहिनी चिमूटभर रांगोळी सोडून वारा बघत उभ्या. रांगोळी जराशी घराकडे झुकली की हात वर करायच्या.

"अजून थोडं."

स्मोकर गॅरेजपाशी गेला. रांगोळी झुकली.

"अजून."

तो गॅरेजच्या मागे गेला, शेडच्या मागे गेला, पार कोपऱ्यातल्या पेकानच्या झाडाखाली गेला. वेंडेलनं घाम पुसत विचारलं, "मॅम, इथून पुढे ओक्लाहोमा राज्य लागतं. चालेल?"

वहिनींनी शेवटची चिमूट सोडली. ती सरळ खाली पडली.

"चालेल," त्या म्हणाल्या, आणि कुरडयांचा चीक बघायला आत गेल्या.