धाकटीच्या कानातला मी

मित्रांनो, दचकू नका. कोपऱ्यात बसलेलं हे काळं धूड बोलतंय, दुसरं कोणी नाही. मी गिटारचा एक जुना अ‍ॅम्प्लिफायर आहे. तारेची बारीकशी कुरकुर माझ्याकडे यायची आणि माझ्यातून बाहेर पडताना तिची गर्जना व्हायची. माझं काम एवढंच. पण ते मी इतकं चोख केलं, की त्यातून एका मुलीचं आयुष्य बदललं. तीच गोष्ट तुम्हाला सांगायची आहे.

मला एका म्हाताऱ्या रेडिओ दुरुस्तीवाल्याने बनवलं. त्याने फळ्या कापल्या, काचेचे चार व्हॉल्व्ह, म्हणजे वीज आली की तापणाऱ्या नळ्या, बसवले, पुढे एकावर एक दोन मोठे स्पीकर लावले आणि त्यांच्यावर जाडसर कापड ताणलं. पहिल्यांदा बटण फिरवलं तेव्हा त्याच्या कपाटातल्या बरण्या किणकिणल्या आणि मला कोण आनंद झाला! मला न्यायला एक तरुण आला होता. म्हाताऱ्याने त्याला एकच गोष्ट दोनदा बजावली. याला जमिनीवर ठेवू नकोस, तुझ्या कानाच्या उंचीला ठेव, कारण याचा टोकदार आवाज सरळ जातो आणि समोर जो असेल त्याला लागतो. तरुणाने मान डोलावली, आणि या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं.

त्या तरुणाला सगळे दादा म्हणत. एका संगीतशाळेच्या मागच्या खोलीत त्याचा बँड दर शनिवारी दुपारी सराव करायचा. खोलीला खिडकी नव्हती, भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या होत्या. दादाने मला भिंतीशी जमिनीवर ठेवलं आणि स्वतः माझ्याकडे पाठ करून उभा राहिला. माझा सगळा जोर त्याच्या पोटऱ्यांवर आदळायचा. आता पोटऱ्यांना काय डोंबल ऐकू येणार? ड्रम वाजवणाऱ्याला त्यांनी धबाड्या नाव ठेवलं होतं, यावरून काय ते ओळखा. धबाड्या बडवायला लागला की दादा म्हणायचा, मला मीच ऐकू येत नाही, आणि माझं बटण वाढवायचा. मग धबाड्याला तो स्वतः ऐकू यायचा नाही, आणि तो आणखी जोरात बडवायचा. संध्याकाळपर्यंत छताची माती पडायची.

आणि समोरच्या भिंतीशी, बुटक्या स्टुलावर, दादाची धाकटी बहीण कीबोर्ड घेऊन बसायची. तिचा उजवा कान बरोबर माझ्या वरच्या स्पीकरच्या उंचीवर यायचा.

धाकटी पोटापाण्यासाठी पियानो सुरात लावायची. दोन तारांमध्ये केसाएवढा फरक असला तरी ती तो ओळखायची, आणि गावातल्या सगळ्या पियानोवाल्यांचा तिच्यावर डोळे झाकून विश्वास होता. दर शनिवारी ती एकदा तरी म्हणायची, दादा, थोडं हळू कर ना. दादा हसायचा आणि म्हणायचा, एवढ्याने काय होतंय. तिने कानात कापूस घातला तर त्यावरून तिची चेष्टा व्हायची. खोटं कशाला बोलू, मलाही तिचा रागच यायचा. कार्यक्रम संपल्यावर लोक येऊन सांगायचे की तुमची गिटार पोटात धडधडते, आणि मी हुरळून जायचो. अशी सहा वर्षं गेली.

एका रविवारी सकाळी ती दोघं विसरलेली छत्री न्यायला आली. खोली शांत होती. धाकटी दारातच थांबली.

"दादा, हा चालू राहिलाय."

"कुठे? वायर तर काढून ठेवलीय."

ती माझ्याजवळ आली, गुडघे टेकून बसली आणि माझ्या कापडाला कान लावला. तिचा श्वास मला जाणवत होता. "शिटी वाजतेय याची," ती म्हणाली. "बारीक आहे, पण वाजतेय."

मित्रांनो, माझ्या अंगात तेव्हा विजेचा टिपूस नव्हता. माझे व्हॉल्व्ह गार होते. मी गप्प होतो, तरी तिला ऐकू येत होतो. मला पहिल्यांदा माझीच भीती वाटली.

त्यानंतर तिने तो विषय काढला नाही. पियानो लावणारीचा कान बिघडलाय हे कळलं तर तिला कोण बोलावणार? पुढे एका शनिवारी, सराव सुरू व्हायच्या आधी, पलीकडच्या वर्गात कोणीतरी पियानोच्या अगदी वरच्या पट्ट्या एकेक करून दाबल्या. आदल्याच दिवशी धाकटीने तो पियानो लावला होता. शेवटच्या दोन-तीन पट्ट्या वाजल्या आणि मी हादरलो. तो पियानोचा सूर नव्हता. बटण शेवटापर्यंत फिरवल्यावर मी जी किंचाळी मारायचो, ती त्या पियानोतून येत होती.

थोड्याच वेळात संगीतशाळेच्या बाई आत आल्या. दादा एकटाच होता. बाई भांडायला आल्या नव्हत्या, उलट त्यांचा आवाज दबलेला होता.

"तिने लावलेले सहा पियानो मी तपासले. सगळ्यांचे शेवटचे सूर चुकलेत."

"घाईत झालं असेल, बाई."

"घाईतल्या चुका वेगवेगळ्या असतात रे. या सगळ्या एकसारख्या आहेत. सहाही पियानोंतून एकच आवाज येतोय."

धाकटी आली तेव्हा दादाने तिला सरळ विचारलं. तेव्हा तिने सांगितलं की ती शिटी थांबतच नाही, झोपेतून उठलं की तीच पहिली ऐकू येते. वरचे सूर लावताना ती मध्ये येऊन बसते, दुसरं काही ऐकूच देत नाही. "मग मी तार तिच्याशीच जुळवते," ती म्हणाली. "मला वाटायचं, तोच सूर आहे."

धबाड्या आला तशी दादाने त्याच्या हातात गिटार दिली, माझं बटण नेहमीच्या आकड्यावर ठेवलं आणि स्वतः जाऊन धाकटीच्या स्टुलावर बसला. धबाड्याला धड वाजवता येत नव्हतं, त्याने नुसत्या तारा छेडल्या. दुसऱ्याच फटक्याला दादा कान दाबून उठला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"तू हे ऐकत होतीस? सहा वर्षं?"

"मी सांगत होते," धाकटी म्हणाली.

कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की गेलेलं परत येत नाही, उरलंय ते जपा. धाकटीने सूर लावायचं काम सोडलं. आता ती पियानोच्या पट्ट्यांची मोडतोड दुरुस्त करते. बँड मोडला आणि मी दादाच्या घरी माळ्यावर जाऊन पडलो. चार वर्षं माझ्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. मला त्याचं वाईटही वाटलं नाही.

मग एके दिवशी दादाने मला खाली काढलं. घरात शांतता पसरली की धाकटीच्या कानातली शिटी वाढायची, आणि तिला घडीभर पडणंही नको व्हायचं. माझ्या आत वीज आली की एक मंद, जाड अशी घुमघुम सुरू होते. आता दुपारी ती आरामखुर्चीत बसते आणि दादा मला नुसताच चालू करून ठेवतो. त्या आवाजात कधीकधी तिचा डोळा लागतो. तेव्हा मी खोलीत दोन ठिकाणी असतो. कोपऱ्यात मी हळूहळू घुमतो, आणि तिच्या कानात मी किंचाळत असतो. त्या दुसऱ्याला गप्प करायची मी पुष्कळ खटपट करतो, पण तो माझं ऐकत नाही.

परवा ती झोपेतच कण्हली आणि म्हणाली, "दादा, बंद कर ना." दादा हातातलं टाकून धावत आला आणि त्याने मला बंद केलं. घर चिडीचूप झालं. धाकटीने डोळे उघडले आणि त्याच्याकडे पाहिलं.

"हा नाही रे, दादा. तो दुसरा."

मित्रांनो, कोणी हळू करा म्हणालं, तर त्याच क्षणी उठा आणि हळू करा. त्या वेळी बटण तुमच्या हातात असतं.